शोकानंतरचे भय आणि ख्रिस्ती श्रद्धा : आलापल्लीच्या परिसरातून एक आढावा

घरातले एखादे जिवलग माणूस कायमचे गेले म्हणजे मागे राहणाऱ्यांच्या वाट्याला केवळ दुःख येते असे नाही; दुःखाच्या पाठोपाठ, आणि पुष्कळदा दुःखाच्याही आधी, भय त्या घरात येऊन राहते, आणि दुःखाला रडण्याची, बोलण्याची, चार माणसांत बसण्याची जी मोकळीक समाजाने दिलेली असते ती भयाला दिलेली नसल्यामुळे ते निमूटपणे सोसले जाते. सी. एस. लुइस या ख्रिस्ती विचारवंतांनी पत्नीच्या निधनानंतर लिहिलेली आणि १९६१ साली प्रथम टोपणनावाने प्रसिद्ध केलेली शोकाची टिपणे वाचताना हेच प्रथम ध्यानात येते. वियोगाच्या दिवसांत शरीराला आणि मनाला जे होते ते भयाहून फारसे निराळे नसते, असे त्यांना अनुभवाअंती दिसून आले. ज्या धर्माच्या केंद्रस्थानी एक मृत्यू आणि त्या मृत्यूवरील जय आहे, त्या ख्रिस्ती धर्माने या भयावर आपल्यापाशी उत्तर आहे असे सांगावे हे स्वाभाविकच आहे. ते उत्तर कोणते, ते कोणाला कितपत पुरे पडले, त्याविषयी धर्मशास्त्रज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि आदिवासी समाजाचे अभ्यासक यांची मते कोणती, आणि कोणते प्रश्न अजून सुटावयाचे आहेत, याचा क्रमाने विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. प्रश्नाचे स्वरूप

या विचारासाठी आलापल्लीचा परिसर दृष्टीसमोर ठेवण्यास कारण आहे. गडचिरोली जिल्ह्याच्या अहेरी तालुक्यातील हे गाव सागवानाच्या अरण्यासाठी प्रसिद्ध असून पूर्वी अहेरी जमीनदारीच्या मुलखात मोडणारा हा प्रदेश आज वनविभागाचे ठाणे, लाकडाचे आगार आणि भामरागड, एटापल्ली, सिरोंचा या बाजूंना जाणाऱ्या रस्त्यांचा नाका म्हणून ओळखला जातो. गावापासून काही कोसांवर राखून ठेवलेल्या जुन्या सागवानाच्या टापूला २०१४ साली जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला. माडिया, गोंडी, तेलुगू, मराठी, बंगाली अशा अनेक भाषा येथील बाजारात कानांवर पडतात. मृत्यूची कारणेही येथे शहरातल्यापेक्षा निराळी आहेत. हिवताप, सर्पदंश, पुरात वाहून जाणे, वन्य प्राण्याचा हल्ला, आणि १९८० नंतरच्या सशस्त्र संघर्षात दोन्ही बाजूंनी पडलेले बळी, यांमुळे मृत्यू येथे अनेकदा अवचित येतो, आणि अवचित आलेला मृत्यू मागे राहिलेल्यांना दुःखापेक्षा भयच अधिक देऊन जातो.

हे भय एकच नाही, हे आरंभीच स्पष्ट केले पाहिजे, कारण या विषयावरील बराचसा वाद भयाचे प्रकार एकमेकांत मिसळल्यामुळे उत्पन्न झालेला आहे. पहिले भय स्वतःच्या मरणाचे असते. जवळचे माणूस गेले म्हणजे आपलीही पाळी येणार हे प्रथमच खरे वाटू लागते. दुसरे एकटेपणाचे आणि निर्वाहाचे. तिसरे मृताचे, म्हणजे गेलेल्याचा आत्मा अतृप्त राहून घराला पीडा देईल की काय याचे. चौथे देवाच्या न्यायाचे, म्हणजे हे मरण आपल्या पापाची शिक्षा तर नव्हे ना, या शंकेचे. आणि पाचवे ज्या ठिकाणी मृत्यू घडला त्या ठिकाणाचे.

या शेवटच्या भयाचे स्वरूप जंगलाच्या कडेला राहणाऱ्यांनाच नीट उमगते. मार्च-एप्रिलमध्ये भल्या पहाटे मोहफुले वेचावयाची, मे महिन्यात तेंदूची पाने तोडून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधावयाचे आणि संध्याकाळी फडीवर मोजून द्यावयाचे, हा येथील असंख्य कुटुंबांच्या मिळकतीचा क्रम आहे. वाघाच्या हल्ल्यात घरचा कर्ता पुरुष गेला, तर पंचनामा होतो, नुकसानभरपाईचे कागद तयार होतात, दाखले जोडले जातात. परंतु पुढच्या मोसमात त्याच्या विधवेला त्याच रानात, त्याच वाटेने, खाली वाकून, पाठ उघडी टाकून फुले वेचावयास जावे लागते. तिचे भय कल्पनेतले नसते; ते वस्तुस्थितीला धरून असते. अशा भयाला मनाचे दौर्बल्य किंवा श्रद्धेचा अभाव म्हणणे अन्यायाचे होईल, आणि पुढील सर्व मते तपासताना या स्त्रीला नजरेआड होऊ देता कामा नये.

२. या मुलखातील ख्रिस्ती परंपरा

चांदा (आजचे चंद्रपूर) आणि गडचिरोली हा सगळा प्रदेश पूर्वीच्या मध्य प्रांतात मोडत असे, आणि तेथील ख्रिस्ती कार्याचा इतिहास नागपूरच्या स्कॉटिश मिशनपासून सांगावा लागतो. स्टीफन हिस्लॉप हे १८४५ साली नागपुरास आले. शाळा, भूगर्भशास्त्र आणि गोंड लोकांच्या भाषा व चालीरीती हे तिन्ही त्यांच्या अभ्यासाचे विषय होते. १८६३ सालच्या सप्टेंबरात टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळे, म्हणजे हजारो वर्षांपूर्वीच्या लोकांची दफनस्थाने, पाहून परत येताना रात्री पूर आलेल्या नाल्यात बुडून त्यांचा अंत झाला. त्यांची आदिवासींविषयीची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली संपादून प्रसिद्ध केली. मिशनच्या मंडळींना हा आघात मोठा होता. पण शाळा बंद पडली नाही, आणि पुढे त्यांच्याच नावाने नागपुरात महाविद्यालय उभे राहिले.

चांद्यात स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ठाणे घातले, आणि पुढे नागपूरचे बिशप झालेल्या ॲलेक्स वुड यांची कारकीर्द या चांद्याच्या मिशनशी निगडित होती. दक्षिणेकडे गोदावरी-प्राणहितेच्या संगमाजवळ सिरोंच्यास अमेरिकन मेथडिस्टांनी काम केले. १९७० साली नागपुरातच उत्तर भारतीय चर्चची स्थापना होऊन पूर्वीच्या अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या एकत्र आल्या. कॅथलिकांच्या बाजूने केरळातील सिरो-मलबार परंपरेच्या कार्मेलाइट धर्मगुरूंकडे १९६२ साली चांद्याचे क्षेत्र सोपविण्यात आले आणि १९७७ साली त्याचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. त्याचे मुख्य स्थान बल्लारशाह येथे आहे. अलीकडच्या काळात तेलुगू आणि छत्तीसगढी बाजूंनी स्वतंत्र प्रार्थनासभांचे उपदेशकही या भागात येतात. ख्रिस्ती लोकांची संख्या येथे अल्पच. सबंध महाराष्ट्रातही ती २०११ च्या जनगणनेनुसार शेकडा एकच्या आतबाहेर होती. परंतु संख्या अल्प असली तरी स्कॉटिश, मेथडिस्ट, सिरो-मलबार आणि पेंटेकॉस्टल अशा चार निरनिराळ्या परंपरांची मृत्यूविषयक शिकवण एकाच मुलखात शेजारीशेजारी नांदावी, हे या परिसराचे वैशिष्ट्य होय.

३. शास्त्रातील दोन सूर

ख्रिस्ती शास्त्रात या विषयावर एकच सूर आहे अशी जी समजूत आढळते ती बरोबर नाही. एक सूर विजयाचा आहे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात मरणाच्या भयाने जन्मभर दास्यात राहणाऱ्यांची सुटका हे ख्रिस्ताच्या कार्याचे प्रयोजन म्हणून सांगितले आहे. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय पुनरुत्थानाच्या आशेवरच उभा आहे. आणि तेविसावे स्तोत्र तर मृत्यूच्या छायेतून जाणाऱ्यास मेंढपाळाच्या सोबतीचा भरवसा देते म्हणून जगभर अंत्यविधीत म्हटले जाते.

दुसरा सूर विलापाचा आहे, आणि तो पहिल्याइतकाच प्रमाण आहे. ईयोब आपल्या मुलांच्या मृत्यूनंतर देवालाच जाब विचारतो. स्तोत्रसंहितेत शोकस्तोत्रे मोठ्या संख्येने आहेत, आणि अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राचा शेवट तर आशेत न होता अंधारातच होतो. लाजाराच्या कबरेजवळ येशू रडला. गेथशेमानेच्या बागेत तो व्याकूळ झाला. वधस्तंभावर त्याने परित्यक्ताचा आक्रोश केला. जो स्वतः भ्याला त्याच्या नावाने भिणाऱ्याला दोष कसा देता येईल, हा प्रश्न या दुसऱ्या सुरातून आपोआपच उभा राहतो.

यांशिवाय आणखी एक गोष्ट प्रांजळपणे नोंदविली पाहिजे. ख्रिस्ती धर्माने भय केवळ शमविले असे नाही. काही शतके त्याने ते वाढविलेही. मध्ययुगीन युरोपात अंतिम न्यायाच्या दिवसाचे भीषण वर्णन करणारे लॅटिन गीत मृतांच्या मिस्सेत म्हटले जाई आणि याजक काळी वस्त्रे धारण करीत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली अंत्यविधीतून पुनरुत्थानाचा आशय अधिक स्पष्ट व्हावा आणि तो विधी त्या त्या प्रदेशाच्या परंपरांशी जुळता असावा असे ठरविले. त्यानुसार १९६९ साली तयार झालेल्या नव्या विधीतून ते गीत वगळण्यात आले. चर्चने स्वतःच आपल्या विधीतील भयाचा अंश कमी करण्याची तजवीज केली, ही घटना या वादाच्या इतिहासात महत्त्वाची आहे.

४. मराठी साक्ष

या विषयावर मराठीत जी साक्ष उपलब्ध आहे तिचे मोल फार मोठे आहे, कारण ती प्रवचनातून आलेली नसून आयुष्यातून आलेली आहे. बाबा पदमनजी यांचे १८५७ सालचे ‘यमुनापर्यटन’ हे विधवांच्या दुःखाचे पहिले विस्तृत चित्रण होय. त्यात वैधव्याचे जे भय आहे ते मृत्यूपेक्षा समाजाचे आहे, आणि श्रद्धेचा आधार शोधणाऱ्या नायिकेच्या रूपाने लेखकाने आपला पक्ष मांडला आहे.

पंडिता रमाबाईंचे चरित्र याहून अधिक विचार करावयास लावते. १८७४ च्या सुमाराच्या दुष्काळात या कुटुंबाजवळचा शेवटचा दाणा संपला तेव्हा भीक मागण्यापेक्षा अरण्यात जाऊन प्राण सोडावा असा निश्चय करून ती सर्व मंडळी जंगलात शिरली होती, असे त्यांनी स्वतः आपल्या आत्मनिवेदनात सांगितले आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि बहीण अल्पावधीत गेली. १८८० साली भाऊ श्रीनिवास, १८८२ साली पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने गेले. १८८३ साली लहानग्या मुलीला, मनोरमेला, घेऊन त्या इंग्लंडला गेल्या असता बरोबरच्या आनंदीबाई भगत या सखीने तेथे आत्मघात केला, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी, २९ सप्टेंबर रोजी, वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. हा निर्णय शोक आणि भय यांनी खचलेल्या मनाने घेतला की ख्रिस्ती झालेल्या नीळकंठशास्त्री गोरे यांच्या लेखनाचा आणि स्वतःच्या दीर्घ विचाराचा तो परिपाक होता, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पहिल्या पक्षाजवळ घटनांची निकटता आहे; दुसऱ्या पक्षाजवळ रमाबाईंचा पुढील पत्रव्यवहार आहे, ज्यात त्या आपल्या धर्मगुरूंशी त्रैक्यासारख्या सिद्धांतावर निर्भीडपणे वाद घालताना दिसतात. खचलेले मन असा वाद घालीत नाही, हे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे सहज नाकारता येण्यासारखे नाही.

वादाचा निकाल काहीही लागो, पुढील आचरण निर्विवाद आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात स्वतः हिंडल्या आणि उपासमारीने व निराधारपणाने पीडलेल्या मुली व विधवा यांना त्यांनी पुण्याजवळच्या केडगावास आणले. ज्या संकटाने आपले घर उद्ध्वस्त केले त्याच संकटाच्या मुखाशी त्या पुन्हा गेल्या. १९२१ साली मनोरमाही गेली. त्या वेळी रमाबाई मूळ भाषांतून केलेल्या आपल्या मराठी बायबलच्या कामात गढल्या होत्या, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला तो ते काम हातावेगळे करूनच.

लक्ष्मीबाई टिळकांचा अनुभव निराळ्या जातीचा आहे, कारण त्यांच्या बाबतीत वियोग मृत्यूमुळे नव्हे तर श्रद्धेमुळेच घडला. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या पती जिवंत असून पतीला पारख्या झाल्या. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना स्पष्ट दिसते की त्यांचा धाक एका दिवसात सुटला नाही. आधी पतीजवळ पण निराळ्या चुलीवर राहणे, मग स्पर्शास्पर्शाचा विचार मनातून गळून पडणे, आणि त्यानंतर १९०० साली बाप्तिस्मा, असा तो क्रम आहे. १९१९ साली टिळक वारले. त्यांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. ज्यांना लिहिता-वाचता लग्नानंतर कष्टाने आले त्या लक्ष्मीबाईंनी पुढील बहुतेक सर्व अध्याय रचून ते जवळजवळ पूर्णत्वास नेले, आणि १९३६ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर ते १९३८ साली प्रसिद्ध झाले.

या दोन्ही साक्षींत एक समान सूत्र आहे. भय आधी गेले आणि मग कार्य सुरू झाले असे दोघींपैकी एकीच्याही बाबतीत दिसत नाही. भय बरोबर असतानाच कार्य हाती घेतले गेले, आणि त्या कार्यात माणसे भोवती जमली.

५. आजच्या प्रमुख भूमिका

*विजयाची भूमिका.* पहिली भूमिका अशी, की पुनरुत्थानावर दृढ विश्वास असेल तर मृत्यूचे भय टिकत नाही. या पक्षाची बाजू पूर्वीच्या मिशनरी उपदेशात आणि आजच्या पेंटेकॉस्टल सभांत ठळकपणे मांडली जाते. जंगलातील गावांत मृताच्या आत्म्याचे किंवा करणीचे भय ज्यांना वाटते त्यांना या पक्षाचे उपदेशक ठामपणे सांगतात, की ख्रिस्ताचे नाव त्या सर्वांहून मोठे आहे. आणि अशा ठाम शब्दांनी अनेकांची रात्र निर्धास्त जाते, हे मान्य करणे न्याय्य होईल. या भूमिकेचे बळ तिच्या निःसंदिग्धतेत आहे. तिच्यावरील आक्षेप असा, की ज्याचे भय गेले नाही त्याला ती नकळत अपराधी ठरवते, आणि मग मूळच्या भयात आपली श्रद्धा कच्ची असल्याच्या भयाची भर पडते.

*विलापाची भूमिका.* दुसरी भूमिका विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बळावली. जर्मन धर्मशास्त्रज्ञ युर्गेन मोल्टमान यांनी १९४३ साली हॅम्बुर्गवरील बाँबवर्षावात शेजारी उभा असलेला मित्र मरताना पाहिला. पुढे स्कॉटलंडमधील युद्धकैद्यांच्या छावणीत शोकस्तोत्रे आणि मार्काचे शुभवर्तमान वाचताना, परित्यक्ताचा आक्रोश करणारा ख्रिस्त आपल्याला समजून घेतो असे त्यांना वाटले. १९६४ सालचे त्यांचे आशेचे धर्मशास्त्र आणि १९७२ सालचा वधस्तंभावरील देवाविषयीचा ग्रंथ यांचे मूळ त्या अनुभवात आहे. या पक्षाच्या मते देव भयभीताच्या समोर उभा राहून त्याला धीट होण्याची आज्ञा करीत नाही, तो त्याच्या बाजूला बसतो. यावर आक्षेप असा, की सहवेदनेचा देव सांत्वन देतो खरा, पण आशेचा स्वर मंद झाला तर शोकाकुलाला उभे करणार कोण?

*संस्कारांची भूमिका.* तिसरा पक्ष सिद्धांतापेक्षा आचाराला अधिक महत्त्व देतो. कॅथलिक परंपरेत मृतांसाठी प्रार्थना करण्याची मुभा आहे. २ नोव्हेंबरला कबरींवर फुले आणि मेणबत्त्या ठेवल्या जातात, आणि गेलेल्याशी असलेला संबंध तुटला नसल्याचे आश्वासन मिळते. प्रॉटेस्टंट मंडळ्या सामान्यतः मृतासाठी प्रार्थना करीत नाहीत. त्यांची प्रार्थना मागे राहिलेल्यांसाठी असते. परंतु मराठी ख्रिस्ती घरांत दोन्हीकडे आचार पुष्कळसा सारखा आहे: मंडळीतील माणसे संध्याकाळी सांत्वनाच्या भेटीस येतात, जमिनीवर सतरंजी अंथरली जाते, ‘उपासना-संगीता’तील टिळकांची पदे पेटीवर म्हटली जातात, पाळक वचन वाचतात, शेजारच्या घरून चहा आणि जेवण येते, आणि रात्री कोणीतरी नातलग सोबतीला राहतो. या पक्षाचे म्हणणे असे, की भयाचा पाडाव होतो तो वचनाने जितका, तितकाच या सोबतीने होतो.

*मानसशास्त्राची भूमिका.* चौथा पक्ष मानसशास्त्रज्ञांचा आहे. केनेथ पार्गामेंट यांनी १९९७ च्या आपल्या ग्रंथात दाखविले, की धर्माचा आधार दोन प्रकारचा असू शकतो. देव सोबत आहे या भावनेने मन सावरते, पण देव शिक्षा करीत आहे किंवा त्याने आपल्याला टाकले आहे या भावनेने ते अधिक खचते. तान्ही मुले अकस्मात दगावलेल्या आईबापांचा एक अमेरिकन अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. त्यात धर्माचा उपयोग प्रामुख्याने दोन वाटांनी झालेला आढळला, मंडळीतील सहभागामुळे मिळणारा माणसांचा आधार, आणि मृत्यूला काही अर्थ लावता येणे. नुसत्या मानण्याने नव्हे, तर या दोन वाटांनी ते आईबाप पुढे सावरले. शोक टप्प्याटप्प्याने संपतो, ही एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांच्या १९६९ च्या ग्रंथामुळे रूढ झालेली समजूत आता मागे पडली आहे. तिच्या जागी शोक आणि दैनंदिन व्यवहार यांत मन आलटून पालटून जात असते हे १९९९ मधील स्ट्रोबे आणि शुट यांचे मत, आणि मृताशी नाते तोडणे आवश्यक नसते हा विचार, अधिक मान्यता पावला आहे. शिवाय दीर्घकाळ न ओसरणारा शोक हा उपचारयोग्य विकार म्हणून २०२२ पासून जागतिक रोगसूचीत अमलात आला आहे.

*आदिवासी परंपरेची भूमिका.* पाचवा पक्ष या परिसराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. माडिया आणि गोंड समाजात मृतासाठी दगडी स्मृतिशिला उभ्या करण्याची परंपरा जुनी आहे. प्राणहितेपलीकडच्या आदिलाबादेत राजगोंडांचा अभ्यास करणारे फ्युरर-हायमेनडॉर्फ यांनी नोंदविले आहे, की त्या समाजात प्राणतत्त्व आणि मृताचे व्यक्तिरूप या दोन निरनिराळ्या गोष्टी मानल्या जातात, आणि विधींच्या द्वारे मृताला पूर्वजांच्या पंक्तीत सन्मानाने पोहोचविले जाते. अर्थात ज्या भयाला ख्रिस्ती उपदेशकांनी अंधाराचे भय म्हटले, त्या भयावर या समाजाची स्वतःची व्यवस्था होती. व्हेरिअर एल्विन हे १९२७ साली ख्रिस्ती सेवेच्या उद्देशाने भारतात आले, पण आदिवासींत राहिल्यावर त्यांनी मिशनकार्याची आणि चर्चची साथ सोडली; बाहेरच्या उपदेशाने समाजाचा हा आधार ढळतो असे त्यांचे मत झाले. उलट पक्षाचे म्हणणे असे, की करणीच्या संशयातून होणारा छळ आणि विधींचा न परवडणारा खर्च यांतून काही कुटुंबांची सुटका नव्या श्रद्धेने केली, आणि तो निर्णय घेण्याचा अधिकार त्या कुटुंबांचाच आहे. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, आणि दोहोंचा निवाडा एका वाक्यात करण्यासारखा नाही.

६. अनिर्णित प्रश्न

येथवर मांडलेल्या मतांतून काही प्रश्न अजून मोकळे राहतात. पहिला प्रश्न आचाराचा आहे. ख्रिस्ती झालेल्या माडिया किंवा गोंड कुटुंबाने आपल्या मृतासाठी स्मृतिशिला उभी करावी की नाही? व्हॅटिकनच्या १९६३ च्या निर्णयाने कॅथलिकांना स्थानिक परंपरेशी जुळवून घेण्याची वाट दाखविली, पण तिची मर्यादा कोठे, याचे उत्तर प्रत्येक ठिकाणी निराळे दिले जाते. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत तर बहुधा प्रश्नच टाळला जातो. ज्या घरात अर्धी माणसे ख्रिस्ती आणि अर्धी जुन्या परंपरेची आहेत, तेथे हा प्रश्न मृत्यूच्या दिवशीच उभा राहतो आणि शोकात कलहाची भर घालतो.

दुसरा प्रश्न वस्तुनिष्ठ भयाचा आहे. वाघाचे, पुराचे किंवा बंदुकीचे भय जेथे वास्तव आहे तेथे श्रद्धेने निर्भय होणे हिताचे की सावध राहणे हिताचे? धैर्य आणि बेसावधपणा यांतील फरक उपदेशात क्वचितच स्पष्ट केला जातो. तिसरा प्रश्न न बोलता येणाऱ्या शोकाचा आहे. संघर्षात मारल्या गेलेल्या माणसासाठी उघडपणे रडणेही ज्या घराला धोक्याचे वाटते, त्या घराचे सांत्वन कसे करावे? चौथा प्रश्न अभ्यासाचा आहे. वर उल्लेखिलेले बहुतेक मानसशास्त्रीय संशोधन पाश्चात्य देशांत, शहरी माणसांवर झालेले आहे. अनेक धर्म आणि अनेक भाषा एका अंगणात नांदतात अशा वनप्रदेशाला त्याचे निष्कर्ष जसेच्या तसे लागू करता येतील असे गृहीत धरणे योग्य नव्हे. पाचवा प्रश्न असा, की पाळक, धर्मगुरू, पुजारी आणि शासकीय आरोग्यसेवक यांनी एकमेकांकडे माणसे पाठवावीत अशी व्यवस्था कोणी आणि कशी लावावी?

७. समारोप

सर्व बाजू तोलून पाहिल्यावर प्रस्तुत लेखकाला जे दिसते ते असे. ख्रिस्ती श्रद्धा शोकानंतरचे भय नाहीसे करते, असे सरसकट विधान साक्षीपुराव्याला धरून नाही. ती भय काढून टाकण्यास असमर्थ आहे, हे उलट विधानही तितकेच निराधार आहे. शास्त्र, मराठी साक्ष आणि मानसशास्त्र ही तिन्ही एका गोष्टीवर येऊन मिळतात: श्रद्धा भयभीत माणसाला माणसांत परत आणते, त्याच्या हाती काहीतरी काम देते, आणि त्याच्या मृताला विसरण्याची सक्ती न करता त्याच्या मृत्यूला अर्थ देऊ पाहते; जेथे ती हे करते तेथे भयाचा जोर ओसरतो, आणि जेथे ती केवळ निर्भय होण्याची आज्ञा करते तेथे तो वाढतो. रमाबाई आणि लक्ष्मीबाई यांची श्रद्धा याच कारणाने फलद्रूप झाली. १९९९ साली ओडिशात पती ग्रॅहम आणि दोन मुलगे यांची हत्या झाल्यावर ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा करून बारिपदा येथील कुष्ठसेवा काही वर्षे चालू ठेवली, यातही तेच दिसते. म्हणून भय गेले की नाही ही श्रद्धेची कसोटी मानू नये. भय असताना माणूस एकटा पडला की नाही, ही मंडळीची कसोटी मानावी.

यावरून आलापल्ली, अहेरी, सिरोंचा आणि चांदा या बाजूच्या सर्व मंडळ्यांना एक नम्र विनंती करावीशी वाटते. अंत्यविधीनंतर सांत्वनाच्या भेटी पहिल्या आठवड्यात थांबवू नयेत. त्या निदान वर्षभर, पहिली मोहफुले आणि पहिला तेंदूचा हंगाम येऊन जाईपर्यंत चालू ठेवाव्यात, आणि रानात जावे लागणाऱ्या विधवेबरोबर मंडळीतील दोन स्त्रियांनी जावे. ज्याची झोप, अन्न आणि बोलणे महिनोन्‌महिने विस्कळीत आहे त्याच्यासाठी प्रार्थना जरूर करावी, आणि त्याच दिवशी त्याला जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाकडे किंवा शासनाच्या टेलि-मानस सेवेकडे पोहोचवावे. या दोहोंत विरोध नाही. कुटुंबाने स्मृतिशिला उभारावयाची ठरविली तर तिच्यावरून तंटा करण्याआधी त्या घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे बसून ऐकून घ्यावे. आणि जो अजून भीत आहे त्याला कोणीही श्रद्धाहीन म्हणू नये.